अपुऱ्या दिवसांचा श्वास

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर एक बाकडं असतं. आत काय चाललंय याचा अंदाज त्या बाकड्यावरची माणसं दाराच्या उघडझापेवरून घेत बसलेली असतात. एका पावसाळ्यात अशाच बाकड्यावरून उठून एक आजी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सुनेला एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या होत्या. नात आत पेटीत होती, वजन १,३५० ग्रॅम. मुलाच्या हातात रक्ततपासणीचा कागद होता. जीवनसत्त्व ‘डी’च्या पुढे ९ हा आकडा होता आणि कुणीतरी लाल पेनाने त्याला गोल केला होता. आजींनी विचारलं, “डॉक्टरीणबाई, पोरीला हे ‘डी’ कमी पडलंय म्हणून दम लागतोय का? मग ते द्या की लवकर.”

मी “तसं नसतं, आजी” असं म्हणून आत गेले. घाई होती, आत दुसरं बाळ निळं पडत होतं. पण ते उत्तर मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिलं, कारण ते खरं नव्हतं. “हो, तसंच आहे” म्हणाले असते तर तेही खरं ठरलं नसतं. खरं उत्तर सांगायला अर्धा तास लागला असता आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात अर्धा तास कुणाकडेच नसतो. तो अर्धा तास मी आता या पुस्तिकेच्या रूपाने देते आहे. बाकड्यावर बसलेल्या आजीला, बाळाच्या आईबापांना, नव्याने रुजू झालेल्या सिस्टरना आणि घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना.

सुरुवात श्वासापासून करायला हवी. ‘डी’चा विचार त्यानंतर.

अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मल्यावर पहिल्या काही तासांत कण्हायला लागतं. प्रत्येक श्वास सोडताना ‘अंऽ’ असा बारीक, आखूड आवाज येतो. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांच्या खाली आणि मधे खड्डे पडतात, श्वास मिनिटाला साठच्या वर जातो. घरच्यांना वाटतं, बाळ रडतंय, भूक लागली असेल. खरं तर ते बाळ स्वतःवर उपचार करत असतं. श्वास बाहेर सोडताना ते घशातली स्वरयंत्राची फट अर्धवट मिटून घेतं, म्हणजे सगळी हवा एकदम बाहेर जाऊ नये आणि छातीत थोडा दाब शिल्लक राहावा. कारण सगळी हवा गेली की त्याच्या फुप्फुसातले वायुकोश मिटून एकमेकांना चिकटतात आणि पुढचा श्वास घेताना ते पुन्हा पहिल्यापासून उघडावे लागतात. फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, अर्धा फुगलेला असला की सोपा जातो. या बाळाला मिनिटाला साठ वेळा कोरा फुगा फुगवावा लागतो. मोठी माणसंही त्या कष्टाने थकून जातील. हे बाळ तर किलोभराचं.

पूर्ण दिवसांच्या बाळाचे वायुकोश मिटत नाहीत. त्यांच्या आतल्या ओलसर अस्तरावर एक स्निग्ध थर पसरलेला असतो, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. पानावरचा थेंब गोल राहतो तो त्यामुळेच. वायुकोशातला ओलावाही असाच आतल्या आत आकसू पाहतो. साबणाने पाण्याची ही पकड सैल होते, तशीच सरफॅक्टंटने वायुकोशातली होते. हा थर तयार करणाऱ्या पेशी साधारण चोविसाव्या आठवड्यापासून कामाला लागतात, पण पुरेसा साठा व्हायला पस्तिसावा आठवडा उजाडतो. आपल्याकडे “सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही” अशी एक जुनी समजूत आहे. ती कुठून आली कोण जाणे, पण ती साफ चुकीची आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा या थरात भर घालतो आणि आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच वरचढ असतं. ती समजूत ऐकून आठव्या महिन्यातल्या बाळाची आशा सोडून बसलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे इथे ठासून लिहिते.

हे सगळं ज्ञान फार जुनं नाही. १९५९ साली बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी या तरुण डॉक्टर आणि त्यांचे सहकारी जेर मीड यांनी श्वास न जमून दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत हा थर नसतो, हे दाखवून दिलं. तोवर त्या फुप्फुसांत दिसणारा काचेसारखा पापुद्रा हाच आजार, असं मानलं जात होतं. पापुद्रा परिणाम होता. कारण होती एका थराची उणीव. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या थोडं वर. आज आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या सिस्टर अशा बाळाला पाहून निःश्वास सोडतील, इतकं ते ‘मोठं’ बाळ. ते ३९ तासांत गेलं. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या हाती त्या वेळी काही नव्हतं, कारण आजाराचं मूळ कळलं होतं, उपाय अजून सापडला नव्हता.

उपाय आले ते वेगवेगळ्या दिशांनी. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते, वेगळ्याच प्रश्नासाठी: कळा कशामुळे सुरू होतात? गर्भाला स्टेरॉइड दिल्यावर वेळेआधी जन्मलेली कोकरं, जी खरं तर जगायला नको होती, श्वास घेताना त्यांना दिसली. १९७२ मध्ये त्यांनी आणि हाउवी यांनी हेच मातांमध्ये सिद्ध केलं. बाळंतपणाआधी आईला दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन बाळाच्या फुप्फुसांना पिकायची घाई करायला लावतं. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी यांनी बाळाच्या कण्हण्याचाच धडा गिरवला. बाळ घसा मिटून जो दाब राखायचा प्रयत्न करतं, तो त्यांनी यंत्राने दिला. ज्या २० बाळांवर त्यांनी तो वापरला, त्यांतली १६ जगली. त्यालाच आज आपण सीपॅप म्हणतो. नाकात दोन छोट्या नळ्या आणि पाण्याच्या बाटलीतून येणारे बुडबुडे, असं त्याचं साधं रूप आता अनेक सरकारी कक्षांत आहे. १९८० मध्ये जपानात फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत घातलं आणि श्वासनलिकेत औषध घालून मिटलेलं फुप्फुस उघडता येतं, हे जगाला दिसलं.

मी हा इतिहास थोडा लांबवला याला कारण आहे. आजींचा प्रश्न ऐकताना माझ्या मनात हे सगळे उपाय होते. प्रत्येक उपायामागे नेमकं काय बिघडलंय याचं उत्तर होतं आणि तो उपाय खरंच लागू पडतो का, याची पारख होती. जीवनसत्त्व ‘डी’ला या रांगेत बसवायचं असेल तर त्यानेही तीच परीक्षा द्यायला हवी.

आता ‘डी’कडे वळू. ‘जीवनसत्त्व’ म्हणजे अन्नातून मिळायला हवा असा पदार्थ, अशी आपली समजूत. ‘डी’ या व्याख्येत नीट बसत नाही. ते बहुतांशी आपलं आपणच बनवतो, कातडीत, उन्हाच्या मदतीने. सूर्यप्रकाशातल्या एका ठरावीक पट्ट्यातले अतिनील किरण कातडीतल्या एका स्निग्ध पदार्थावर पडले की त्याचं रूप बदलतं. पुढे यकृतात एक आणि मूत्रपिंडात दुसरा बदल होऊन कामाचं रूप तयार होतं. आपण रक्तात मोजतो ते यकृतातून निघालेलं मधलं रूप, साठ्याचं. आजींच्या हातातला ९ हा आकडा त्याच साठ्याचा होता: एका मिलिलीटर रक्तात ९ नॅनोग्रॅम. वीसच्या खाली कमी, बाराच्या खाली फार कमी, असं साधारण मानतात.

या ‘डी’च्या शोधात आपल्या मातीचाही एक धागा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. १९२० च्या सुमारास युरोपात मुडदूस झालेल्या मुलांचे पाय वाकत होते. व्हिएन्नात, बर्लिनमध्ये, लंडनमध्ये वाद चालला होता: हा आजार अन्नाचा की उन्हाचा? मेलनबी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून कॉडलिव्हर ऑइलचा पक्ष मांडला, हुल्डशिन्स्की यांनी दिव्याच्या अतिनील प्रकाशाने मुलं बरी करून दाखवली. त्याच काळात मुंबई इलाख्यात हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या घरांतली मुलं तपासली. त्यांचा निबंध १९२२ साली छापून आला. मोलमजुरी करणाऱ्या, अर्धपोटी घरांतल्या मुलांत त्यांना मुडदूस दिसला नाही, कारण आया उन्हात राबत आणि बाळं बांधाच्या कडेला उन्हातच पडलेली असत. खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पडदा पाळणाऱ्या घरांत मात्र तो भरपूर होता. त्या घरांतल्या बायका लहान वयात लग्न होऊन आत गेल्या की आतच राहत. बाळंतीण आणि बाळ महिनोन्‌महिने चौकातल्या अंधाऱ्या खोलीत असत. एरवी धान्य आणि दूध ज्या घरात जास्त, त्या घरातली पोरं धडधाकट असायला हवीत. इथे उलटं होतं. अंधारी खोली हेच त्याचं कारण होतं.

बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीबद्दल मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. त्या खोलीत मायाही होती. शेक, धुरी, तेल लावणं, अळीव, डिंकाचे लाडू, कामापासून सुटका. वर्षभर राबणाऱ्या बाईला हक्काची विश्रांती मिळण्याची ती बहुधा एकमेव वेळ. ती विश्रांती कुणी हिरावून घेऊ नये. पण खिडकीवरचं जाड कापड काढून टाकता येतं आणि रोज थोडा वेळ ओटीवर बसता येतं.

पोटातल्या बाळाला ‘डी’ स्वतः बनवता येत नाही, तिथे ऊन कुठलं? जे काही मिळतं ते आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळतं. नाळेतल्या रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या साधारण अर्ध्यापासून पाऊणपट-ऐंशी टक्क्यांपर्यंत भरते. म्हणजे आईची ओंजळ जेवढी, त्याहून बाळाची कमीच. आणि आईची ओंजळ किती? लखनऊमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शहरातल्या आणि खेड्यातल्या मिळून दोनशेहून थोड्या जास्त गर्भवती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ८४ टक्के बायकांचं ‘डी’ कमी भरलं. उत्तर प्रदेशातलं कडक ऊन आणि तरीही ८४ टक्के. ऊन अंगणात असतं. ते अंगावर पडतंच असं नाही. कामाचे तास, घराच्या चौकटी, अंगभर वस्त्र, सावळ्या कातडीला लागणारा जास्त वेळ आणि आता हवेतला धूर. दिल्लीत २००२ मध्ये दोन वस्त्यांतल्या लहान मुलांची तुलना झाली. धुराने भरलेल्या मोरी गेटजवळच्या मुलांची सरासरी पातळी १२ च्या आसपास होती, तुलनेने स्वच्छ हवेतल्या गुडगावच्या मुलांची २७. सूर्य दोघांवरही तोच होता.

मग ‘डी’चा आणि फुप्फुसाचा संबंध कुठे येतो? प्रयोगशाळेत तो ठळक दिसतो. सरफॅक्टंट बनवणाऱ्या पेशींमध्ये ‘डी’चा संदेश घेणारी जागा असते. त्यांच्या शेजारच्या आधारपेशी ‘डी’चं कामाचं रूप तयार करू शकतात. उंदरांच्या गर्भावरच्या प्रयोगांत ‘डी’ मिळालं की या पेशी जास्त सरफॅक्टंट तयार करतात, असं आढळलं. ऑस्ट्रेलियात २०११ साली ‘डी’ची उणीव असलेल्या माद्यांची पिल्लं तपासली, तेव्हा त्यांची फुप्फुसं आकारानेच लहान निघाली. शिवाय ‘डी’ शरीराच्या जंतुनाशक प्रथिनांनाही जागं करतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसाला जंतुसंसर्ग आणि दाह यांचा धोका सतत असतो. त्यातूनच पुढे काही बाळांना महिना-महिना ऑक्सिजन सुटत नाही. हा दीर्घ आजार १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात नॉर्थवे यांनी पहिल्यांदा वर्णन केला. म्हणून या आजारातही ‘डी’चा हात असावा, असं अनेकांना वाटलं.

माणसांच्या बाळांवरच्या निरीक्षणांतही खूप ठिकाणी हेच चित्र उमटलं. तुर्कस्तान आणि इतर देशांतल्या डॉक्टरांनी नाळेतलं किंवा बाळाचं रक्त तपासलं आणि ज्यांना जन्मतःच श्वासाचा त्रास झाला किंवा पुढे ऑक्सिजन सुटला नाही, त्यांच्यात ‘डी’ कमी सापडलं. काही ठिकाणी असा संबंध दिसलाही नाही. पण बातम्या झाल्या त्या संबंध दिसलेल्या अभ्यासांच्या. लाल पेनाचा गोल तिथून आला.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे आहे, म्हणून सावकाश सांगते. समजा दोन बाळं आहेत. एक २६ आठवड्यांचं, दुसरं ३३. पहिल्याची फुप्फुसं कच्ची, ते श्वासाला झगडणार हे उघड आहे. पहिल्याला आईकडून ‘डी’ घ्यायला मिळालेले दिवसही कमी, अंगावर चरबी जवळजवळ नाही, आई बहुधा जास्त आजारी, कदाचित महिनाभर अंथरुणाला खिळलेली. तिलाही ऊन नाही. मग पहिल्याचं ‘डी’ कमी आणि श्वास वाईट, दोन्ही एकदम दिसणारच. यात ‘डी’ने श्वास बिघडवला की कच्चेपणाने दोन्ही बिघडवलं, हे रक्ताच्या एका आकड्यावरून कुणालाही सांगता येणार नाही. ढग आले की कावळे झाडावर परततात आणि पाऊसही येतो, पण कावळ्यांनी पाऊस आणला असं आपण म्हणत नाही. अभ्यासक आकडेमोडीने हा घोळ सोडवायचा प्रयत्न करतात. बऱ्याचदा तो पूर्ण सुटत नाही.

सुटतो तो चाचणीने. सारख्याच बाळांचे चिठ्ठ्या टाकून गट करायचे, एकाला ‘डी’ जास्त द्यायचं, दुसऱ्याला कमी किंवा नाही आणि पाहायचं. अमेरिकेत अलाबामामध्ये २३ ते २७ आठवड्यांच्या शंभर बाळांवर अशी चाचणी झाली, निकाल २०१६ मध्ये आले. जन्मतः दर तिघांपैकी दोघांची पातळी वीसच्या खाली होती, आपल्याकडेच असं असतं असं नाही. एका गटाला रोज ८०० युनिट, एकाला २००, एकाला काहीच नाही. ८०० वाल्यांच्या रक्तातली पातळी झपाट्याने वर गेली. पण यंत्राच्या आधाराविना श्वास घेतलेल्या दिवसांचा हिशेब केला तेव्हा तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शंभर बाळं ही काही मोठी संख्या नाही, म्हणून लहानसा फायदा नजरेतून सुटला असेल, हे मान्य. पण आकडा वर गेला म्हणून श्वास सुधारला, असं घडलं नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दिल्लीच्या एम्समध्ये २८ ते ३४ आठवड्यांच्या ९६ बाळांना रोज ४०० किंवा ८०० युनिट देऊन पाहिलं. २०१४ मध्ये आलेल्या त्या निकालात दिवस पूर्ण भरण्याच्या सुमारास ४०० वाल्यांपैकी ६७ टक्के बाळांत उणीव राहिली होती, ८०० वाल्यांत ३८ टक्के. हाडांच्या मजबुतीत मात्र तीन महिन्यांनी फरक आढळला नाही. म्हणजे ४०० हा डोस आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना भरून काढायला पुरत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ‘डी’ द्यायलाच हवं, हाडांसाठी. त्याच्या वाट्याचं बहुतेक कॅल्शियम आणि फॉस्फरस गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून यायचं होतं आणि ते तीन महिने त्याला मिळालेच नाहीत. आईच्या दुधात ‘डी’ जवळजवळ नसतंच, तो दुधाचा दोष नाही. दुधाइतकं मोलाचं या बाळाला दुसरं काही नाही. (मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभारली ती याच बाळांसाठी.) जागतिक आरोग्य संघटनाही आईचं दूध पिणाऱ्या कमी दिवसांच्या बाळाला ‘डी’ द्या, असंच सांगते. पण श्वास लागलेल्या बाळाला ‘डी’ हे औषध नाही. सीपॅपच्या जागी, सरफॅक्टंटच्या जागी, आईला वेळेत दिलेल्या स्टेरॉइडच्या जागी त्याला उभं करता येणार नाही. या गोष्टी मिळायला उशीर होत असताना कुणी ‘डी’च्या थेंबांनी समाधान करून घेत असेल, तर ते बाळाच्या जिवावर बेतेल.

‘देऊन टाका की, नुकसान काय होणार?’ हा युक्तिवाद मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या इतिहासात त्याची किंमत फार मोठी मोजली गेली आहे. १९४० च्या दशकात बंद पेट्यांमधून भरपूर ऑक्सिजन द्यायला सुरुवात झाली, प्राणवायूच तो, जितका द्याल तितका बरा. दशकभरात जगात सुमारे दहा हजार बाळं आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ऑक्सिजनकडे दाखवलं आणि पुढच्या चाचणीने ते पक्कं केलं. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ऑक्सिजन इतका आखडला की डोळे वाचले, पण श्वास कमी पडून बाळं दगावू लागली. ‘डी’चीही गोष्ट अशीच आहे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये मुडदूस हटवायचा म्हणून दुधाच्या भुकटीत, लापशीत, कॉडलिव्हर ऑइलमध्ये, सगळीकडे ‘डी’ घातलं गेलं. काही बाळांच्या पोटात दिवसाला चार हजार युनिटांपर्यंत जात होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तातलं कॅल्शियम चढलेली, उलट्या करणारी, वाळत जाणारी बाळं दवाखान्यांत येऊ लागली. १९५७ मध्ये प्रमाण खाली आणलं गेलं. काही बाळांत ‘डी’ मोडून टाकणारं एन्झाइमच जन्मतः सदोष असतं, हे तर २०११ मध्ये उलगडलं.

आपल्याकडे हा धोका आजही घरातल्या फडताळात असतो. मोठ्यांसाठीची ६०,००० युनिटांची पुडी, आठवड्याला एक घ्यायची ती, दुकानात सहज मिळते. बाळांचे थेंबही सगळे एका ताकदीचे नसतात: एखाद्या बाटलीत एका मिलीत ४०० युनिट, दुसरीत ८००, शिवाय प्रत्येकीचा ड्रॉपर वेगळा. एका घरात आजोबांची पुडी दुधात कालवून आठवडाभर रोज नातवाला दिली गेली. बाळ दूध टाकू लागलं, सारखी लघवी करू लागलं, टाळू खोल गेली. ते वाचलं, पण दोन आठवडे सलाईनवर होतं. चूक त्या घराची नव्हती. घरी जाताना कागदावर ‘व्हिटॅमिन डी रोज’ एवढंच लिहिलं होतं. म्हणून या पुस्तिकेतलं थेंबांविषयीचं प्रकरण मी तीन वेळा लिहून काढलं. त्यात बाटलीचं लेबल कसं वाचायचं, मिली आणि थेंब यांचा घोळ कसा टाळायचा, बाटली बदलली की सिस्टरना पुन्हा का विचारायचं, हे सगळं आहे. सिस्टरनी मुळात किती युनिट हे आकड्यात लिहून द्यावं, ही हात जोडून विनंती.

आणखी एक गोष्ट राहून जाऊ नये. कोवळ्या उन्हात बाळाला तेल लावून धरण्याची आपली रीत आहे. ऊब मिळते, आजीच्या मांडीवर बाळ खुलतं. पण सकाळी सात-आठच्या उन्हात ‘डी’ तयार करणारे किरण नगण्य असतात. सूर्य वर आल्यावर, साधारण दहा-अकरा ते तीन या वेळेत ते मिळतात आणि काचेतून ते आत येत नाहीत. दीड किलोच्या बाळाला दुपारच्या उन्हात काढायचं तर ते क्षणात थंड-गरम होतं, कातडी भाजते. तेव्हा खिडकीच्या काचेमागे बाळाला धरून काही मिळत नाही आणि उघड्यावर धरणं योग्य नाही. त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवा. ‘डी’ थेंबातून मिळेल.

‘डी’ आणि श्वास यांचा जो काही खरा धागा असेल, तो बाळाच्या पेटीपाशी येईपर्यंत बराचसा विणून झालेला असतो. फुप्फुसं घडतात ती आधी, पोटात, आईच्या रक्तावर. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, जगात दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नाहीत. त्यांच्या आयांसाठी सरकारी नियमाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, प्रत्येक गोळीत ‘डी’ही आहे, दिवसाला दोन गोळ्या मिळून ५०० युनिट. त्या गोळ्या लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नयेत, दोन तासांचं अंतर हवं, एवढंही पुष्कळ जणींना कुणी सांगितलेलं नसतं. “गोळ्यांनी बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं” या भीतीने त्या डब्यात पडून राहतात. कळा लवकर सुरू झाल्या तर मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातल्या नर्सताईही देऊ शकतात, २०१४ पासून तशी मुभा आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूतांच्या हातून खेड्यातली बाळं वाचवून दाखवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यामुळे हे घराघरांत पोचणार नाही, असं मला कुणी सांगू नये.

त्या आजींची नात अकरा दिवस सीपॅपवर होती. पुढे ती दूध ओढायला शिकली, १,८०० ग्रॅमची झाल्यावर घरी गेली. घरी जायच्या दिवशी आजींनी मला थेंबांची बाटली दाखवून किती युनिट ते विचारलं, बोटांवर मोजलं आणि मग हळूच म्हणाल्या, “दुपारी अकराच्या उन्हात अर्धा तास बसवू का हिला?” मी नातीकडे पाहून मान हलवणार, तोच त्यांनी बोट दाखवलं ते सुनेकडे.